डॉक्टर झायडेलांच्या घरातली कॉफी

दफनाहून माणसं तासाभरात परतणार होती आणि ओटिलीच्या घरात कॉफीचा दाणा नव्हता. कोथेन गावात मयतानंतरच्या जेवणात मांस नसलं तर लोक समजून घेतात, पण कॉफी नसली तर नातवंडांपर्यंत बोलणी खावी लागतात.

"वहिनी, लोक तोंडात शेण घालतील," नणंद उर्सुला म्हणाली. तिनं शालीखालून भाजलेल्या दाण्यांची पुरचुंडी काढली. "एवढा मोठा डॉक्टर गेला, आणि बायकोनं गरम पाण्यावर बोळवण केली म्हणतील!"

"वन्सं, त्यांना नुसता वास आला असता तरी..."

"आता कुठला वास येतोय त्याला? माझा सख्खा भाऊ, पण हट्टी होता मेला." आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं जीभ चावली.

ओटिलीला हसू आलं, आणि हसल्याची लाजही वाटली. नवऱ्याच्या घरात आपल्या हातानं कॉफी ओतायची म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरण्यासारखंच होतं.

हे सगळं सुरू झालं ते काट्यानं काटा काढण्याच्या विद्येपासून. डॉक्टरांच्या गुरूंनी धडधाकट असताना सिंकोनाची साल खाल्ली, आणि त्यांना हिवतापासारखीच हुडहुडी भरली. म्हणजे हिवताप घालवणारं औषधच निरोग्याला हिवताप आणतं! मग निरोग्याला जे औषध जो त्रास देईल, त्याचाच सूक्ष्म अंश तसाच त्रास असलेल्या आजाऱ्याला द्यायचा. पण कुठलं औषध काय करतं हे कळायला आधी एक ठणठणीत माणूस हवा, आणि त्याच्या पोटात कॉफी नको, कारण कॉफी सगळ्या खुणा पुसून टाकते.

ठणठणीत माणूस घरातच होता. ओटिली सकाळी पुडी घ्यायची आणि संध्याकाळी डॉक्टर स्टूल ओढून तिच्यासमोर बसायचे. दुखतं कुठं? टोचतं की ओढतं? मोकळ्या हवेत बरं वाटतं की वाईट? गावातले नवरे बायकोला जेवलीस का म्हणूनही विचारत नसत. हा नवरा तिच्या डाव्या भुवईची खुशाली विचारी. बेलाडोनाच्या पुड्या घ्यायच्या दिवसांत ती तव्यासारखी तापली होती, डोळ्यांपुढं सगळं धूसर झालं होतं, पण त्या संध्याकाळींइतकं सुख तिला पुढं कधी लाभलं नाही.

"दळा," ती अखेर नणंदेला म्हणाली.

माणसं आली. साखर भुरभुरवलेला केक संपत आला, पण भरलेल्या कपांना कुणी हात लावेना. बहुतेक सगळे डॉक्टरांचे रोगी, आणि रोग्यांनाही त्यांनी कॉफी बंद केलेली. शेवटी संधिवातवाल्या क्रूगर खाटकानं घसा खाकरला.

"बाई, आता लपवण्यात काय अर्थ? मी रोज प्यायचो. बायको मागच्या खोलीत करून द्यायची."

"तुम्ही पण?" पाववाल्याची म्हातारी म्हणाली, आणि टेबलभर खसखस पिकली. एकेक जण कबुली देऊ लागला, कप उचलले गेले.

ओटिलीचं मात्र डोकं फिरलं. माहेरी ती कॉफीवाचून डोळे उघडत नसे. एवढी वर्षं जीभ मारली, ती कशासाठी?

"म्हणजे अख्ख्या गावात मीच एकटी खुळी!"

"डॉक्टरांना ठाऊक होतं हो," क्रूगर ओशाळून म्हणाला. "मला म्हणायचे, क्रूगर, तुम्ही सगळे लबाड. खरं बोलणारं शरीर या गावात एकच आहे, आणि ते माझ्या घरी आहे."

ओटिलीनं समोरचा कप उचलला आणि घटाघटा रिकामा केला. कडू होती. आवडली की नाही हे तिला कळलं नाही. थोड्या वेळानं कान तापले, बोटं थरथरू लागली.

"छातीत धडधडतंय," ती सवयीनं म्हणाली. "डावीकडं जास्त. पण टोचत नाही. खिडकीशी गेलं तर बरं वाटेलसं वाटतं."

एवढं सांगून ती थांबली, आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहू लागली. सगळे तिच्याकडे बघत होते. मग तिला कळलं की आता कुणी विचारणार नाही, आणि डॉक्टर गेल्यापासून ओटिली पहिल्यांदा रडली.