सदतीस फूट

मित्रांनो, मी कापडाची टेप आहे, शंभर फुटांची. माझ्या टोकाला पितळेची कडी आहे. अंगावरचे निम्मे आकडे आता पुसट झाले आहेत. सदतीसचा आकडा मात्र तसाच आहे. तो जावा असे मला फार वाटते.

माझे मालक हनोक अष्टमकर रेल्वेत बांधकामाचे मिस्त्री होते. ते बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. निवृत्त झाल्यावर ते उधन्यातल्या यंत्रमागांच्या, लूमच्या गल्लीत राहत. शनिवारी सगळे काम बंद ठेवून ते तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ, मोठ्याने वाचत. रविवारी मला खांद्याला अडकवून निघत. कुणी माडी चढवली की गच्चीला कठडा घालायला लावत. "वरून माणूस पडला तर त्याचे रक्त घरधन्याच्या माथी, असे शास्त्र आहे," म्हणत. लोक हसत, पण कठडा बांधत. माप घ्यावे तर हनोककाकांनीच, असेही म्हणत. मला तेव्हा फार अभिमान वाटे.

चौऱ्याण्णव साली प्लेगची साथ आली. लोक गाड्या भरभरून गावी पळाले. लूम थांबले. कायम खडखडणाऱ्या गल्लीत एवढी शांतता झाली की शेजारचा खोकला ऐकू येई. खोकला ऐकला की लोक खिडक्या लावून घेत.

एका दुपारी आमचे दार वाजले. "माय, घोटभर पाणी दे वं," बाहेरून पुरुषाचा आवाज आला. काकांच्या पत्नी लेआबाई उठल्या. काकांनी त्यांचा हात धरला आणि आतूनच म्हणाले, "पुढे जा, बाबा." आणखी दोनदा थाप पडली. मग नाही.

सकाळी समोरच्या मोकळ्या प्लॉटवर तो माणूस मरून पडलेला दिसला.

प्लॉटच्या दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने होते. "आमचा नाही," एका कारखान्याचा मुकादम बन्सीलाल म्हणाला. "आमना कारखानाना बी नही शे," दुसऱ्याचा राखणदार सुकदेव म्हणाला. आता महापालिकेची गाडी येणार आणि त्याला बेवारस म्हणून नेणार होती.

काका मला घेऊन बाहेर आले. "प्रेत सापडले आणि मारणारा ठाऊक नसला, तर वडीलधाऱ्यांनी माप घ्यावे असे शास्त्र आहे. जे गाव सर्वांत जवळ, त्याने जबाब द्यावा."

"काका, प्लॉट घेताय काय?" बन्सीलाल दारातूनच म्हणाला.

काकांनी तोंडाला रुमाल बांधला आणि माझी कडी त्या माणसाच्या पायांजवळ दगडाखाली दाबली. त्याच्या नखांत सुताचे तंतू होते. इतक्या जवळून ते मीच पाहिले. बन्सीलालचा कारखाना भरला चौऱ्याऐंशी फूट, सुकदेवचा एक्क्याण्णव.

"बन्सीलाल, जवळचा तू," काका म्हणाले.

तेवढ्यात लेआबाई उंबऱ्यावरून हळूच म्हणाल्या, "अहो, आपले दार राहिले."

 काका मला ओढत आपल्या घराकडे आले. सदतीस.

ज्याचे घर जवळचे, त्याने हात धुऊन म्हणायचे असते: आमच्या हातांनी हे रक्त सांडले नाही, आमच्या डोळ्यांनी हे पाहिले नाही. लेआबाईंनी तांब्या आणला. काकांनी हात ओले केले. "आमच्या हातांनी..." एवढे म्हणाले आणि पुढचे शब्द आले नाहीत. पाणी बोटांवरून ठिबकत राहिले. बन्सीलालही हसला नाही.

"कोण लागतो तुमचा?" गाडी आल्यावर गाडीवाल्याने विचारले.

"माझे घर सर्वांत जवळ आहे," काका म्हणाले आणि गाडीत बसले.

पुढे तीन महिने ते कारखान्या-कारखान्यांतून विचारत हिंडले, कुणाचा माणूस परतला नाही का? नाव कळले नाही. त्यांनी पुन्हा कुणाची गच्ची मोजली नाही. लूम सुरू झाले. तरी त्या खडखडाटात काका दुपारी मध्येच उठत आणि दार उघडत. बाहेर कुणी नसे.

काका गेले. मी लेआबाईंच्या फडताळात पडून आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू 'आम्हाला जपा' म्हणतात. मी म्हणणार नाही. मला कसर लागली तरी चालेल. मित्रांनो, दारावर थाप पडली तर मात्र उठा. आधी पाणी द्या, माणूस कोण ते मग विचारा.