घोड्यांचा पेनड्राइव्ह

"ताई, हा पेनड्राइव्ह कुणाला देऊ नका. सर्व्हर बंद पडला, तर बॅकअप भरण्यासाठी तो याच्यावरूनच सुरू करावा लागेल," असं आमचे कॉम्प्युटरवाले शकीलभाई बजावून गेले होते. मी तो देवाच्या फोटोमागे ठेवला. आमच्या सोनोग्राफी सेंटरचे मॅनेजर हेमकांतभाऊ यांनी तो तिथूनच उचलला, कोरा केला आणि सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोड्यांचे व्हिडिओ भरून जीपमध्ये लावला.

आज सर्व्हर उठेना. बॅकअपची डिस्क धड होती, पण सुरुवात करायला काही नव्हतं. तापीबाईच्या सुनेचं मूल पोटात आडवं होतं. धुळ्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट घेऊनच बोलावलं होतं आणि तिचा कालचा रिपोर्ट सर्व्हरमध्येच अडकला होता. "तुम्ही स्टँडवर बसा, बस सुटायच्या आत आणून देते," असा शब्द मी तापीबाईला दिला होता.

आणि हेमकांतभाऊ सर्व्हरला उदबत्ती ओवाळत होते! माझा जप रोजचा आहे, पण स्वतःची घाण निस्तरायला देवाला बोलवायची मला लाज वाटते.

"भाऊ, पेनड्राइव्ह द्या."

"त्यामा मन्हा घोडास्ना व्हिडिओ शेतस!"

"होते," मी हळूच म्हणाले. जीपमधून पेनड्राइव्ह काढून आणला, लॅपटॉपला लावला आणि 'सगळं पुसू का?' याला 'हो' दाबलं. शकीलभाईंनी शिकवलं होतं तसा तो पुन्हा तयार केला. सर्व्हर त्याच्यावरून उठला, बॅकअप भरला गेला आणि रिपोर्ट दिसू लागले.

"देखं ना, ताई? उदबत्तीनी काम करं!"

मी रिपोर्ट छापून पिशवीत घातला, चपला चढवल्या आणि स्टँडच्या वाटेला लागले.