वाढीव घरपट्टी, आवाज निहारचा

माझा आवाज चांगला आहे, असं सगळे म्हणतात. बाकी काही चांगलं नाही, हे मी समजून घेतो. इंदापुरात बारशापासून दहाव्यापर्यंत माईक माझ्याच हातात असतो. त्यामुळे नगरपालिकेला उभ्या राहिलेल्या मानसिंगरावांचा प्रचारही मीच रेकॉर्ड केला. "मध्यमवर्गीय बंधू-भगिनींनो, घरपट्टी एक रुपयानंही वाढणार नाही!"

झाल्यावर त्यांचा पुतण्या दिग्विजय म्हणाला, "आता दुसरंबी करून टाकू."

"दुसरं कुठलं?"

"निवडून आल्यावरचं. वाढीव घरपट्टी भरा, विकासाला हातभार लावा. स्टुडिओचं भाडं दोनदा कशाला? जनतेचाच पैसा हाय."

मी हसलो. तो हसला नाही. मग मी तेही रेकॉर्ड केलं. 'हातभार'वर जरा गहिवरही आणला. कलेत तडजोड नको.

माझे बाबा, चिंतामणराव, गणिताचे निवृत्त मास्तर. पुढाऱ्यांवर त्यांचा विश्वास शून्य. कर वाढणार नाही असं कुणी म्हणालं, की विचारायचे, "मग गटार काय टाळ्यांनी बांधणार?" पण यंदा रिक्षातून माझा आवाज आला आणि माणूस विरघळला. कॉलनीत घरोघर जाऊन सांगून आले, "पुढाऱ्याचं सोडा. पण आमचा निहार खोटं बोलणार नाही."

हे मला त्यांनीच जेवताना सांगितलं, वर तूपही वाढलं. त्याच वेळी खरं काय ते बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "वरण छान झालंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्या झुंबरनं पेनड्राइव्हमधली चुकीची घोषणा लावली. कॉलनीच्या मधोमध, भोंगा आमच्या दाराकडे. "वाढीव घरपट्टी भरा, विकासाला..."

मी अनवाणी धावलो आणि ओरडलो, "झुंबर, बंद कर! ही निवडून आल्यानंतरची आहे!"

ज्यांना घोषणा नीट कळली नव्हती, त्यांनाही आता कळली. माझा आवाज चांगला आहे.

"मग आधी सांगायचं न्हाय का राव?" झुंबर म्हणाला. "दोन्हीत तुमीच बोलताय. मला काय कळतंय?"

समोरच्या गॅलरीतून प्रमोदिनीकाकू म्हणाल्या, "चला, एकदा तरी खरं बोललात रे!" सगळे हसले. धक्का कुणालाच बसला नव्हता. पलीकडून एकजण म्हणाला, एवढं आधी कळवणारा उमेदवार आजवर पाहिला नाही, मत यालाच. तेवढ्यात दिग्विजयचा फोन. लोकांना आवडतंय म्हणे, हीच चालू ठिवायची का?

हसले नाहीत ते फक्त बाबा. ते चपला घालत होते.

"कुठे निघालात?"

"शब्द परत घ्यायला. घरोघर दिला होता."

"मी येतो. मीच सांगतो ना सगळ्यांना."

"नको," बाबा म्हणाले. "तुझ्या आवाजात नको."

मी तरी मागे गेलो. काकूंच्या फाटकाशी थांबलो. पहिल्याच दारात बाबांनी प्रमोदिनीकाकूंना हात जोडले. "माझं चुकलं. मी खात्री दिली होती."

"अहो मास्तर, काय हे!" काकू हसल्या. "आम्ही कुठे खरं मानलं होतं? तुम्ही पोराच्या कौतुकानं सांगत होतात, म्हणून ऐकून घेतलं."

बाबांनी मान डोलावली आणि वळले. माझ्याकडे न बघता फाटकातून बाहेर पडले.

म्हणजे अख्ख्या कॉलनीत माझ्यावर विश्वास ठेवणारा माणूस एकच होता. तो आता पुढच्या दाराची बेल वाजवत होता.