मायलोचा पायगुण

कॅझने हात पुढे केला आणि तळवा पसरला. मायलोने मुकाट्याने आपल्या ट्रकच्या रेडिओचं बटण त्या तळव्यावर ठेवलं.

"आणि पकड?" कॅझ म्हणाला.

"पकड कशाला, पॉप?"

"बटण नसलं तर तू पकडीने फिरवशील. ओळखून आहे मी तुला. आण इकडे."

सोफ्यावर बसलेली वांडा तोंडावर हात धरून हसली. मायलो बाहेर गेला, ट्रकमधली पकड घेऊन आला. कॅझने दोन्ही वस्तू आपल्या खुर्चीशेजारच्या छोट्या टेबलावर, गोळ्यांची डबी आणि पाण्याचा पेला यांच्या मध्ये, जप्तीच्या मालासारख्या मांडून ठेवल्या. मग टोपी सारखी केली. टोपीवर पिवळा कंदील होता, धुऊन धुऊन फिकटलेला.

"साडेचारच्या आत येऊ नकोस."

"आणि वाटेत कुणाशी बोलू नकोस," वांडाने बजावलं. "आज सगळा गाव स्कोअर सांगत फिरणार आहे."

मायलो ब्रँट हा कॅझ झेलिन्स्कीचा धाकटा जावई. पंचेचाळिसाव्या वर्षी त्याने टेरीजशी लग्न केलं, त्याला अजून वर्षही पुरं झालं नव्हतं. तो मूळचा नेब्रास्काचा. तिथे मक्याच्या कणसांखेरीज कुणाला टाळ्या मिळत नाहीत, असं त्याची मेहुणी वांडा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. तो शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा, सासऱ्याच्या घरातला गळका नळ न सांगता बदलून टाकायचा, पाय पुसून घरात यायचा. जावई म्हणून नाव ठेवायला जागा नव्हती. फक्त पायगुण वाईट.

हा शोध एप्रिलमध्येच लागला होता. लँटर्न्स म्हणजे कंदील, गावाचा लाडका बेसबॉल संघ. त्यांचा मोसमातला पहिला सामना टीव्हीवर बघायला तो सोफ्यावर टेकला आणि लँटर्न्स अकरा-शून्यने हरले. तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. मे महिन्यात एकदा तो बाथरूममध्ये गेला आणि इकडे लँटर्न्सचा होम रन बसला, चेंडू थेट मैदानाबाहेर. तो बाहेर यायला लागला तर वांडा बाथरूमच्या दाराला पाठ लावून उभी राहिली आणि सामना जिंकेपर्यंत हलली नाही. जूनमध्ये तो पन्हळ साफ करायला शिडीवर चढला, त्या दिवशीही जिंकले. मग काय, त्या उन्हाळ्यात झेलिन्स्कींच्या घराची पन्हळ चार वेळा साफ झाली, कुंपणाला दोनदा रंग लागला, आणि जुलै संपताना लँटर्न्स सात सामन्यांच्या आघाडीने पहिल्या क्रमांकावर होते. अख्ख्या पोर्ट एल्जरमध्ये ओसरी-ओसरीवर कंदिलाचे झेंडे लागले.

मायलोही हसतच होता. फक्त ऑगस्टमध्ये कॅझच्या ऐंशीव्या वाढदिवसाला नेमका सामना आला, आणि केकचा तुकडा घेऊन त्याला मागच्या पायरीवर जावं लागलं. टेरीज चिडली होती. "सलग सहा जिंकलेत, टेरीज," कॅझ तिला समजावत म्हणाला होता. मायलोने शेजाऱ्यांच्या कुत्र्यासोबत केक खाल्ला. आतून गाण्याचा आवाज आला तेव्हा त्यानेही हळूच गाणं म्हटलं. त्या दिवशी मात्र त्याला वाईट वाटलं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही.

सप्टेंबरमध्ये कंदील विझायला लागला. चेंडू टाकणारे दमले, मारणारे हवेत बॅट फिरवू लागले. लँटर्न्स हरत गेले तसा मायलो घरापासून लांब ढकलला गेला: पायरीवरून गॅरेजमध्ये, गॅरेजमधून रस्त्याच्या टोकाला. तिथूनही हरले तेव्हा वांडाने तपास करून जाहीर केलं की तो ट्रकमध्ये रेडिओ ऐकतो, आणि ऐकणं म्हणजे बघण्यासारखंच. आघाडीचे सातही सामने गेले. आज सप्टेंबरचा शेवटचा रविवार, शेवटचा सामना. जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर एप्रिलपर्यंत काही नाही.

आणि म्हणून बटण जप्त झालं होतं.

मायलोने ते मनापासून पाळलं. पेट्रोल पंपावर कर्णा लावून समालोचन चाललं होतं, तर तो टाकी न भरताच पुढे गेला. सरोवराच्या बांधावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. बरा दिसला. पण जवळ गेल्यावर त्याच्या डब्याशेजारी ट्रान्झिस्टर दिसला, आणि मायलो आल्या पावली परत फिरला. शेवटी तो लोहखनिजाच्या जुन्या धक्क्यावर जाऊन बसला. कॅझने अडतीस वर्षं तिथे क्रेन चालवली होती. आता तिथे गंजलेले खांब आणि पाणपक्षी एवढेच होते.

तीनच्या सुमाराला गावाकडून एक आरोळी उठली. सगळ्या घरांतून एकदम. काहीतरी चांगलं झालं होतं. मायलोला आनंद झाला आणि लगेच धडकी भरली. हे ऐकलं असं धरायचं का? त्याने दोन्ही कानांत बोटं घातली आणि एवढा मोठा बाप्या तसाच बसून राहिला. जिंका रे, तो मनात म्हणत होता. म्हाताऱ्यासाठी जिंका. वर्षभर छातीत घरघर घेऊन बसलाय तो तुमच्यासाठी.

बरोबर साडेचारला तो परतला. गल्लीत कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. समोरच्या मिसेस नोव्होत्नी स्टुलावर चढून ओसरीवरचा झेंडा उतरवत होत्या. त्याला पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

मायलोने ट्रक थांबवला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. हरले. त्याला खरंच रडू येईल असं वाटलं. आणि मग, त्या दुःखाच्या मागोमाग, एक दुसराच विचार डोकावला. तो चार मैल लांब होता. त्याने काही पाहिलं नव्हतं, काही ऐकलं नव्हतं. रेडिओला बटण नव्हतं. म्हणजे तो सुटला होता. उन्हाळाभर त्याच्या डोक्यावर फुटलेलं खापर खोटं होतं, आणि आता ते सगळ्यांसमोर सिद्ध झालं होतं.

"पॉप, मी धक्क्यावर होतो," तो आरशात बघून म्हणाला. "आता सांगा, कुणाचा पायगुण?" वाक्य जरा उर्मट वाटलं. त्याने पुन्हा मवाळ करून म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण आनंद काही जाईना.

स्वयंपाकघराच्या दारातच टेरीजने त्याला थांबवलं. तिचे डोळे लाल होते.

"हरले ना?"

"पाच-चार."

"मी धक्क्यावर होतो, टेरीज. शपथ सांगतो, एक अक्षर..."

"माहीत आहे मला. हळू बोल." तिने दार लोटून घेतलं. "पॉपना झोप लागली."

"कधी?"

"आठव्या डावात. चार-दोन पुढे होतो आपण. रात्रभर खोकत होते रे, मान टाकली त्यांनी. वांडा म्हणाली, झोपू दे. शेवटच्या, नवव्या डावात त्या लोकांचा होम रन बसला, तीन धावा, आणि वांडा किंचाळली तेव्हा जागे झाले. घाईघाईने टोपी उलटी करून घातली, पण मग काय उपयोग." तिने नाक पुसलं. "चौसष्ट वर्षांत कधी सामन्यात डोळा मिटला नव्हता त्यांनी. तेव्हापासून एकच घोकतायत. मी झोपलो, मी त्यांना सोडून झोपलो. म्हणतात, माझी खुर्ची कुणाला तरी देऊन टाका. पुढच्या वर्षी मी बघणार नाही."

मायलो आत गेला. टीव्ही बंद होता. वांडा, जिचं तोंड झोपेतही बंद नसे, ती कागदी रुमालांच्या घड्या घालत बसली होती. खुर्चीत कॅझ एकदम लहान दिसत होता. डोक्यावर उलटी टोपी, अस्तर बाहेर, शिवणीतून एक दोरा लोंबतोय. पिछाडीवर असताना टोपी अशी उलटी घातली की संघ उठतो, हे त्यानेच या घरातल्या सगळ्यांना शिकवलं होतं.

"ये, मायलो, बस," तो म्हणाला.

तो आवाज इतका सौम्य होता की मायलो उभाच राहिला.

"तुझा काही दोष नाही बाबा. उन्हाळाभर उगाच तुला उन्हात बसवलं. केकसुद्धा बाहेर खायला लावला." "मला माफ कर. म्हातारा झोपला. बाकी काही नाही. ज्याला जागं राहता येत नाही, त्याने बसूच नये."

हेच ऐकायला मायलो एप्रिलपासून थांबला होता. वांडाच्या समोर, टेरीजच्या समोर, मोठ्या आवाजात.

"मी ऐकत होतो, पॉप," तो म्हणाला.

"काय?"

"सामना. ट्रकमध्ये. आठव्या डावापासून. राहवलंच नाही मला."

तोंडातून शब्द गेले आणि त्याची नजर छोट्या टेबलावर पडली. गोळ्यांची डबी, पाण्याचा पेला, आणि त्यांच्या मध्ये बटण आणि पकड, दुपारी ठेवली होती तशीच. वांडाच्या हातातली घडी अर्धवट राहिली. दारात टेरीज उभी होती, तिनेही पाहिलं.

कॅझनेही पाहिलं. बराच वेळ तो टेबलाकडे बघत राहिला. मग त्याने डोक्यावरची टोपी काढली, विरळ केसांवरून हात फिरवला, आणि टोपी सावकाश त्या बटणावर आणि पकडीवर पालथी ठेवली.

"आठव्या डावापासून?" त्याने विचारलं.

"हो."

"चार-दोन असताना?"

"चार-दोन असताना."

"नेब्रास्कावाल्या!" कॅझ गरजला, आणि गरजता गरजता त्याला खोकला आला, तरी थांबला नाही. "अरे गाढवा, एक दुपार! एक दुपार कान बंद ठेवता आले नाहीत तुला? सात सामन्यांची आघाडी खाऊन ढेकर दिलास, आणि वर शेवटचा सामनाही गिळलास?"

"चुकलं, पॉप."

"चुकलं म्हणे! वांडा, ऐकलंस का?"

"मी तर एप्रिलपासून ओरडतेय," वांडा म्हणाली. तिचा आवाज जरा घोगरा झाला होता. "टेरीज, तुला अख्ख्या अमेरिकेत हाच मिळाला होता का गं?"

"परत पाठवू का?" टेरीज म्हणाली.

"आता पाठवून काय करतेस, मोसम संपला," कॅझ म्हणाला. त्याच्या गालांवर रंग आला होता. "त्यापेक्षा काहीतरी खायला दे. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या. आणि याला पण दे, पापी माणसालाही भूक लागते."

टेरीजने लोण्यात कांदा परतला, पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या पोलिश करंज्या, गरम केल्या. मायलो सोफ्यावर बसून जेवला, कुणी त्याला बाहेर जा म्हटलं नाही. जेवताना कॅझने त्याला आणखी तीनदा शिव्या घातल्या आणि दोनदा स्वतःच्या ताटातली पिएरोगी त्याच्या ताटात टाकली. चेंडू टाकणाऱ्याला नवव्या डावात बदलायलाच हवं होतं, यावर मग बराच वेळ वाद झाला. खुर्ची कुणाला देण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

निघताना कॅझ भिंतीला धरत ओसरीपर्यंत आला. टोपी आता सुलटी होती, कंदील समोर. समोरच्या घराचा रिकामा झेंड्याचा खांब त्याने पाहिला आणि हुंकार भरला. मग स्वेटरच्या खिशातून बटण काढून मायलोच्या तळव्यावर ठेवलं, त्यावर पकड ठेवली. मायलोकडे मात्र बघितलं नाही.

"एप्रिलमध्ये आत बसायचं," तो म्हणाला. "सोफ्याच्या अलीकडच्या टोकाला. माझ्या खुर्चीला लागून."

"आणि माझा पायगुण, पॉप?"

"ज्यांना हरायचंय ते हरतील." कॅझने टोपी सारखी केली. छातीतली घरघर ऐकू येत होती. "माझा डोळा लागला तर कोपर मार. या पोरी मारत नाहीत. झोपू देतात."

मायलोने बटण मुठीत घट्ट धरलं.

"जोरात मारू?"

"बरगडीत," कॅझ म्हणाला, आणि भिंत धरून आत गेला.