बांगडीएवढा वण

मॉनिटर पाइपाच्या तोंडाला चिकटला आहे, हे माळीणकाकूंच्या लक्षात यायला अंमळ वेळच लागला. रोज सकाळी त्या हेडबाईंच्या बागेतल्या तळ्याच्या काठावर आल्या की तो सगळ्यांच्या आधी वर यायचा आणि बाकीचे मासे त्याच्या मागून; म्हणून तर हेडबाईंनी त्याचं नाव मॉनिटर ठेवलं होतं. आज बाकीचे आले, मॉनिटर नाही. काकूंनी वाकून पाहिलं. हातभर लांबीचा तो केशरी मासा तळाशी आडवा होता, कूस पंपाच्या पाइपात ओढली गेलेली, आणि शेपूट तेवढी हलत होती.

काकूंनी धावत जाऊन पंप बंद केला. मासा सुटला आणि एका अंगावर कलला. त्याचे सुटे खवले पाण्यात इकडेतिकडे तरंगायला लागले.

पाइपाच्या तोंडावर जाळी असायला हवी होती. ती काठावर उन्हात वाळत पडली होती, आणि तिथे ती कोणी ठेवली हे सांगायला ज्योतिषी नको होता. जाळीत पानं अडकायची, रोज सकाळी गार पाण्यात उतरून ती साफ करावी लागायची, आणि काकूंचे गुडघे आता त्या पाण्याचं नाव काढलं तरी कुरकुरायचे. ‘आठ दिवस जाळी नसली म्हणून काही आभाळ कोसळत नाही,’ असं स्वतःशीच म्हणून त्यांनी ती काढून ठेवली होती. आभाळ पाचव्या दिवशीच कोसळलं.

काकूंनी आधी जाळी बसवली, मग मासा उचलला. हा क्रम पुढे त्यांना फार छळणार होता.

हेडबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा मासा ओल्या टॉवेलात होता. एकतीस वर्षं शाळा चालवलेली बाई. एखादी गोष्ट पाहिली की निकाल तयार. “मांजर!” त्या म्हणाल्या. “मास्तरांचीच मांजर. दिवसभर खिडकीत बसून तळ्यावर डोळा ठेवून असते. हो की नाही?”

काकूंनी मान हलवली. जिभेला हाड नसतं म्हणतात. मानेला असतं, तरी ती हलली.

मास्तर म्हणजे भिंतीपलीकडचे शिंपी. हेडबाईंनी त्यांना तिथल्या तिथे भिंतीशी बोलावलं. मास्तर गळ्यात टेप तसाच ठेवून आले.

“आमची बॉबिन?” ते म्हणाले. “अहो, ती चिंध्यांच्या टोपलीतून उठायचा कंटाळा करते. ती कशाला पाण्यात हात घालतेय?”

“मग मासा काय स्वतःच स्वतःला चावला?”

मास्तर काकूंकडे वळले. “काकू, तुम्ही पाहिलंत?”

“पाहिलं नाही,” काकू म्हणाल्या. इथे थांबता आलं असतं. “पण दुसरं कोण असणार, मास्तर?”

मास्तरांचा चेहरा उतरला. “तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल,” एवढं बोलून ते आत गेले.

काकू खरं का बोलल्या नाहीत, ते सरळच सांगायला हवं. त्यांच्या आधीच्या माळ्याला हेडबाईंनी एका दुपारी घालवून दिलं होतं. त्याने झाडांना पाणी घातलं नव्हतं आणि घातलं म्हणाला होता. ‘झाडं वाळली त्याचं काही नाही, नवी लावता येतील. खोटं बोलला,’ असं हेडबाई अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. घरामागची खोली, तिच्यातली खाट, पूर्वेची खिडकी, एवढं काकूंचं जग होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते डोक्यावर घेऊन कुठे जायचं?

जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सगळं नीट समजावलं. मोठा टब घ्या, पाणी तळ्याचंच, नळाचं नको. जाडं मीठ टाका. हवेचा पंप क्षणभरही बंद करू नका. रोज एकदा मासा ओल्या टॉवेलात धरून जखम टिपा, औषध लावा, कल्ल्यांना लागू देऊ नका. “मी शनिवारी येऊन बघतो. जखम कशाने झालीय तेही कळेल.”

शेवटचं वाक्य पुरं होताच काकूंनी फोन ठेवून दिला.

तरी त्यांनी सेवा केली, आणि मन लावून केली. कपडे धुवायच्या खोलीत टब मांडला, मासा उडी मारू नये म्हणून वर जाळं ताणलं. औषध लावताना त्या स्वतःचाच श्वास रोखून धरायच्या. श्वास सोडायची वेळ आली की मासाही पाण्यात सोडायचा, एवढं साधं गणित. पहिले दोन दिवस मॉनिटर तळाशी पडून होता. तिसऱ्या दिवशी सरळ झाला. चौथ्या दिवशी काकूंच्या बोटांमधून त्याने एक दाणा खाल्ला, आणि त्या अंधाऱ्या खोलीत काकू एकट्याच हसल्या.

हसू फार टिकलं नाही. टॉवेलात धरलेल्या माशाची कूस दारातल्या उजेडात आली, आणि काकूंनी ती आणखी जवळ घेऊन पाहिली.

आतापर्यंत जखमेला काही आकार नव्हता. लाल मांस, लोंबते खवले, पांढुरकी साय. तिला मांजराचा पंजा म्हणा नाहीतर दगड म्हणा, खपून गेलं असतं. पण आता मेलेली कातडी गळत होती, कडा भरून येत होत्या, आणि खालून एक गोल उमटत होता. बांगडी दाबून ठसा घ्यावा तसा, अगदी पुरा गोल. कुठल्याच मांजराची नखं असा गोल काढत नाहीत. पाइपाचं तोंड काढतं.

रोज औषध लावावं आणि रोज तो गोल आणखी स्वच्छ दिसावा. काकू जितकी चांगली सेवा करत होत्या, तितका स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा घासूनपुसून लख्ख करत होत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं!

शुक्रवारी दुपारी हेडबाई पिशवी घेऊन बाहेर निघाल्या. दारातून म्हणाल्या, “उद्या डॉक्टर येतील तेव्हा मास्तरांनाही बोलावणार आहे मी. नखांचे ओरखडे त्यांच्याच डोळ्यांनी बघू देत.”

फाटकाची कडी वाजली. घरात कोणी नव्हतं. काकू धुवायच्या खोलीत गेल्या, टबाशेजारी पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या आणि भिंतीवरच्या बटणाकडे पाहत राहिल्या. हवेचा पंप गुरगुरत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं, खोली कोंदट झाली होती. एवढा मोठा मासा, एवढंसं पाणी. तासाभराचं काम. वीज गेली होती म्हणायचं. मेलेला मासा बागेत पुरायचा, गोलासकट. डॉक्टरांना यायचं कारण उरणार नाही.

त्यांनी बटण बंद केलं.

खोली एकदम गप्प झाली. टबातले बुडबुडे एकेक करून फुटले आणि पाणी सपाट झालं. सुरुवातीला काहीच झालं नाही. पाच मिनिटं गेली, दहा, पंधरा. काकूंनी हात मांडीखाली दाबून धरले होते. मग माशाच्या कल्ल्यांची उघडझाप भराभर व्हायला लागली. काकूंनी मान वळवली आणि भिंतीवरचा ओलीचा डाग बघायला घेतला. डाग किती वेळ बघणार? बारीक आवाज आला तेव्हा त्यांनी पुन्हा पाहिलं. मॉनिटर वर आला होता, जाळ्याच्या अगदी खाली, काकू बसल्या होत्या त्याच कडेला, आणि तोंड वासून हवा पीत होता. हवा कुठूनही पिता आली असती. तो काकूंजवळ आला होता, कारण खाणं रोज या बाजूनेच येत होतं.

“अरे, माझ्याकडे काय येतोस!” काकू ओरडल्या. “मीच बंद केलंय ना!”

त्या उठल्या, बादली लाथेने उडाली, ओल्या बोटांनी बटण सापडेना. सापडलं. पंप गुरगुरला. काकूंनी बाही वर करून दोन्ही हातांनी पाणी ढवळायला सुरुवात केली, वर घ्यायचं, खाली सोडायचं. कल्ले हळूहळू सावकाश झाले तरी त्या ढवळतच होत्या. हेडबाई परत आल्या तेव्हा काकूंचं लुगडं कमरेपर्यंत भिजलं होतं.

“काय झालं? मॉनिटर गेला?”

“नाही. जगेल तो.” काकूंनी मासा टॉवेलात घेतला आणि दाराशी नेऊन कूस उजेडात धरली. “हे बघा. मांजर नाही. पाइप आहे. जाळी मी काढली होती, हा अडकायच्या पाच दिवस आधी. आणि आत्ता हवेचा पंपही मीच बंद केला होता, हा मरावा म्हणून.”

हेडबाईंनी चष्मा सारखा करून तो गोल पाहिला. बराच वेळ पाहिला. “पाण्यात ठेवा त्याला,” त्या म्हणाल्या. मग पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावरच बसल्या. “मांजर म्हणालं कोण आधी?”

“तुम्ही. पण मी हो म्हटलं.”

“म्हणजे न बघता निकाल मी लावला आणि त्यावर सही तुम्ही केलीत. घालवायचं तर दोघींनाही घालवायला हवं, आणि मला घालवणारं कोणी नाही.” त्यांनी कपाळ चोळलं. “राहा तुम्ही. खोली तुमची तशीच आहे. पण मास्तरांना तुम्ही सांगायचं. मी बरोबर येते.”

काकूंचा जीव भांड्यात पडला. तो तिथे फार वेळ राहिला नाही.

मास्तरांचं मशीन चालू होतं. दोघींना दारात पाहून त्यांनी चाक हाताने थांबवलं. काकूंनी सगळं सांगितलं, जाळीपासून बटणापर्यंत, एकही गोष्ट हातची न राखता. मास्तर ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी गळ्यातला टेप काढून त्याची घडी घातली, मग ती मोडली, मग पुन्हा घातली.

“मी मारलं तिला,” ते म्हणाले.

“कोणाला?” हेडबाईंनी विचारलं, तरी त्यांना कळलं होतं.

“बॉबिनला. खिडकीत बसली की गजाने. रोज. म्हटलं, एवढं म्हणतात तर खोड मोडली पाहिजे.” कोपऱ्यात कापड मोजायचा लाकडी गज उभा होता, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “नऊ वर्षांत बोट लावलं नव्हतं. हेडबाईंचं मी ऐकलं नसतं, राग नका मानू. पण काकू म्हणाल्या. काकू, तुम्ही ‘पाहिलं नाही’ एवढं बोलून थांबला असतात तरी पुरे होतं हो.”

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक किती सहज म्हणतात. काकू तिथेच जमिनीवर बसल्या.

मास्तरही खाली बसले, गुडघ्यांवर, आणि त्यांनी मशीनखाली हात लांबवला. “बॉबिन,” ते म्हणाले, “चुकलं गं माझं. ये.” मशीनखाली दोन डोळे दिसले आणि मागे सरकले. मास्तरांनी हात आणखी पुढे केला तशी ती भिंतीला टेकली.

“तुम्ही मला सांगितलंत, बरं झालं,” मास्तर हात तसाच ठेवून म्हणाले. “आता हिला कोण सांगणार?”

हेडबाईंनी कोपऱ्यातला गज उचलला आणि दाराबाहेर नेऊन ठेवला.

थोड्या वेळाने बॉबिन बाहेर आली. मास्तरांच्या हातापासून लांबून, भिंतीच्या कडेने, अंग चोरत आली. काकूंचा माशाच्या वासाचा पदर तिने हुंगला. मग निर्धास्तपणे त्यांच्या मांडीवर चढली, एक गिरकी घेतली आणि अंगाचं मुटकुळं करून बसली.

मास्तर बघत होते. काकूंना तिच्या पाठीवरून हात फिरवता येईना, आणि तिला खालीही ठेवता येईना.