वटलेले नाव

"नाव जुळत नाई म्हनून वापस आला, बाई," असे म्हणून उत्तमरावांनी चेक जाळीखालून पुढे सरकवला.

इंदूबाईने तो उचलला नाही. बँकेच्या खिडकीशी माणसे ओणवी होऊन बोलतात. ती ताठ उभी होती. बायकांच्या इस्पितळात आया म्हणून तिने निम्म्या अमरावतीची बाळंतपणे पाहिली होती, आणि आयुष्यात कोणापुढे वाकायचे तर खाटेवरच्या बाईपुढेच, असा तिचा शिरस्ता होता.

पगाराच्या फरकाचा तो चेक. बाहेरगावचा, म्हणजे आधी मुंबईला जायचा, तिथे वटायचा, मग पैसे इथे जमा व्हायचे. मे महिन्यात तो गेला, मुंबई पाहून आला आणि पाठीला चिठ्ठी चिकटवून घेऊन आला. चेक होता उकंडी देवमन हिच्या नावाचा. खाते होते इंदूबाई देवमन हिचे.

"दोन्ही मीच. कोनालेई इचारा."

"मले काय सांगता? माह्या दोन्ही पोराईच्या येळेले तुमीच होत्या. पन मुंबईले कोन सांगन?" उत्तमरावांनी आवाज उतरवला. "असं करा, उकंडीच्या नावानं खातं खोला. सही तिचीच करा. पुन्हा पाठोतो."

"मंग किती दिवस?"

"पंधरा-वीस. जास्तई लागतीन. कागद हाय, पाय त्याले आपले थोडेच हायेत."

जून लागला होता. तिची मुलगी ललिता मॅट्रिक होऊन नर्सच्या शिक्षणासाठी निवडली गेली होती. वसतिगृहाची अनामत आणि गणवेशाचे पैसे जूनअखेर भरले नाहीत, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती. नवरा देवमन जाऊन सहा वर्षे झाली होती. विकण्याजोगे घरात काही उरले नव्हते. जे काही होते ते त्या चेकवर होते.

उकंडी हे नाव आईबापांनी रागाने ठेवले नव्हते. आधीची तीन लेकरे पाळण्यातच गेली, म्हणून ही जन्मताच हिला उकिरड्यावर लोळवून आणले आणि मृत्यूला हिची काही किंमत वाटू नये असे नाव दिले. मृत्यूने ते ऐकले. माणसांनीही ऐकले, आणि पुढे तीस वर्षे त्याच किमतीने तिला हाका मारल्या.

छप्पनच्या दसऱ्याला ती नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन परतली ती इंदूबाई होऊन. ललिताने पाटीवर चार अक्षरे गिरवून घेतली. जगातले तेवढेच लिखाण तिला वाचता येई. पगाराच्या वहीत ती अंगठ्याऐवजी ती चार अक्षरे काढू लागली. शेजारी शाईने काय लिहिले आहे ते तिला कळत नसे, आणि इस्पितळाच्या बडेबाबूंनी, भगवंतरावांनी, ते कधी वाचून दाखवले नाही. वॉर्डात जुन्या नावाने कोणी पुकारले तर ती मागे वळून पाहत नसे. दोनदा नोटीस मिळाली, तरी वळली नाही.

बँकेतून ती तडक भगवंतरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"नाव बदलाचा अर्ज देल्ला होता मी. त्याचं काय झालं?"

"नागपूरले पाठोला होता. तेवढ्यात नोव्हेंबर लागला अन् आपलं राज्यच बदललं. मध्यप्रदेशातून आपन मुंबई राज्यात गेलो. फाइल कुठी अडकली देव जाने."

"राज्यानं नाव बदललं, तं त्याचे पैसे कोनी अडोले का?"

"राज्य मोठं हाय, बाई."

"मीई लहान नाई."

भगवंतराव हसले. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याला कधी कशाची वाट पाहावी लागली नव्हती. "प्रतिज्ञापत्र कर, मी सायबाची सही घेतो, मंग मुंबई. नवा चेक दिवाळीपतोर येईन. नाई तं एक सही करून मोकळी होय. कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," इंदूबाई म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली नाही.

"ललिते, पाटी आन."

"काहून वं माय?"

"उकंडी कसं लिवतात ते काहाड."

ललिता उभीच राहिली. "मी नाई काहाडत. हे चार अक्षरं शिकोले तुले, ते कायच्यासाठी? पुढच्या साली पाहू. नाई शिकलो तं नाई शिकलो."

"अन् मंग काय, माह्यासारखी न्हान्या धुशीन? लिव."

"माय..."

"लिव म्हनतो ना!"

मुलीने लिहिले. इंदूबाईने पेन्सिल मुठीत धरली आणि अक्षरांवरून फिरवली.

"तीनच व्हय? इंदूबाईले चार लागतात. हे स्वस्तात हाय."

ललिताला हसू आले नाही. आईनेही तशी अपेक्षा केली नव्हती.

नवे खाते उघडले. चेक पुन्हा मुंबईला गेला. मोहल्ल्यातल्या बायका नळावर विचारू लागल्या, "काहो इंदूबाई, वटला का?" शेजारच्या माणिकबाईने तर रोजचा रामराम सोडून तेवढेच धरले. इंदूबाई ड्यूटी संपवून बँकेत जाई. उत्तमराव लांबूनच मान हलवीत. पुढे पुढे त्यांनी वर पाहणेच सोडले.

जून संपला. ललिता वसतिगृहाच्या कार्यालयात जाऊन, पैसे येऊन राहिले आहेत असे सांगून आली. तिथल्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. "आले की या," म्हणाल्या. चार दिवसांनी यादी लागली. ललिताच्या जागी दुसरे नाव होते.

पैसे जमा झाल्याचा निरोप आला तेव्हा जुलै अर्धा सरला होता.

इंदूबाईने तीन अक्षरांची सही केली आणि पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसली. बिल्ल्यावर आकडा होता. इथे आकड्यानेच बोलावतात हे पाहून तिला क्षणभर बरे वाटले. शिपायाने आकडा पुकारला, ती उठली. पिंजऱ्यातल्या रोखपालाने नोटा हातात धरल्या आणि मान वर न करता विचारले,

"नाव?"

तिने बिल्ला पुढे सरकवला.

"नाव सांगा बाई. नाव सांगतल्याबिगर पैसे भेटत नाईत. जोरात सांगा, पंख्यात ऐकू येत नाई."

बाकांवरची माणसे पाहू लागली. उत्तमराव खातेवहीत खाली वाकले.

"उकंडी देवमन," ती म्हणाली. पंख्यातूनही ऐकू जाईल असे म्हणाली.

पावणेदोन वर्षे तिने त्या नावाला ओ दिली नव्हती. आज तिनेच त्याला हाक मारली.

नोटा तिने मोजल्या नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली आणि पायऱ्या उतरली.

पुढच्या साली ललिता पुन्हा अर्ज करणार होती. तोवर इस्पितळात तात्पुरत्या आयेची जागा निघाली, ती तिने घेतली. पहिल्या दिवशी इंदूबाई स्वतः तिला घेऊन भगवंतरावांच्या टेबलाशी गेली.

"माह्यासमोर लिवा."

त्यांनी पगाराची वही काढली, टाक बुडवला आणि लिहिले.

"वाचून दाखवा."

"ललिता देवमन. झालं?"

"बोट ठेवून दाखवा. एक-एक."

"माय, चाल ना," ललिता पुटपुटली.

"तू उगी राह्य."

भगवंतरावांनी बोट ठेवून अक्षरे दाखवली. तिने एकेक नीट पाहून घेतले, बाळाची बोटे पाहावीत तसे. मग तिची नजर वरच्या, तिच्या स्वतःच्या ओळीवर गेली. ती ओळ तिला कोणी वाचून दाखवावी लागली नाही. ती आता तिला वाचता येत होती.