पी.पी. नंबर

सावेडीतल्या आमच्या कॉलनीत फोन बऱ्याच घरांत होते, पण मागच्या गल्लीत एकही नव्हता. मागच्या गल्लीचा फोन म्हणजे प्राध्यापक कानिफनाथ भोर यांचा. त्यांचा नंबर एका प्लंबरच्या, एका ब्यूटी पार्लरच्या आणि एका वधुवर सूचक मंडळाच्या कार्डावर छापलेला होता, पुढे कंसात 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. म्हणजे नंबर दुसऱ्याचा, निरोप आमचा. सर अर्थशास्त्र शिकवायचे. सार्वजनिक सेवा म्हणजे काय हे वर्गात समजावताना ते स्वतःच्या फोनचं उदाहरण द्यायचे.

या फोनची सगळ्यात इमानी गिऱ्हाईक राहीबाई. नवरा एमआयडीसीत कामाला होता, तो गेला. तेव्हापासून त्या तिथल्याच एकट्या राहणाऱ्या पोरांना जेवणाचे डबे करून द्यायच्या. मुलगा सहादेव फौजेत. तो रविवारी दुपारी फोन करायचा. आधी एक फोन यायचा, "काकू, आईला बोलवता का?" एवढाच, आणि कट. मग सरांच्या पत्नी मुक्ताकाकू मागच्या भिंतीवरून हाक मारायच्या, "राहीबाई, सहादेऽव!" की राहीबाई पिठाच्या हातांनीच पळत यायच्या. रिसीव्हरवर पिठाची बोटं उमटायची. तोवर दुसरा फोन वाजायचा.

पहिला प्रश्न नेहमी सहादेवचा, आणि नेहमी तोच. कारण राहीबाईंचं पहिलं वाक्य नेहमी असं असायचं, "आज व्हय? आज वांगं केलं. भरून." लष्कराच्या टेलिफोन यंत्रणेचा अर्धा वेळ नगरच्या भाज्या ऐकण्यात जायचा. उरलेल्या अर्ध्यात "जेवतो का", "व्हय", "थंडी हाय का", "हाय", "बरं ठेव, बिल वाढंल."

मग नव्याण्णव साली सरांच्या घरी कॉम्प्युटर आला. आणला मुलासाठी, चेतनसाठी. पण चेतन इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि कॉम्प्युटर बापाच्या पदरात पडला. त्याला इंटरनेट जोडलं. ते जोडताना फोनच्या तारेतून कुणीतरी डबा खरवडतंय असा आवाज यायचा, आणि एकदा जोडलं की फोन बंद. बाहेरून कुणी लावला तर नुसतं टूं टूं. प्लंबरची दोन कामं बुडाली. वधुवर मंडळाचं काय बुडालं ते कळायला मार्ग नाही.

मुक्ताकाकूंनी नियम केला. "रविवारी बारा ते तीन कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. पोराचा फोन येतो."

"अगं, मी काय लहान आहे का सांगायला?" सर म्हणाले. नियम पाळलाही. काकू घरात असेपर्यंत पाळला.

सर जिथे जायचे तो इंटरनेटवरचा एक चर्चेचा फलक होता. जगभरचे भारतीय तिथे इंग्रजीत भांडायचे. नावं कुणाचीच खरी नाहीत. सरांनी 'नगरकौटिल्य' हे नाव घेतलं होतं. मे महिन्यात कारगिल पेटलं आणि फलकावरचा क्रिकेटचा वाद एका दिवसात थांबला. सगळे जण युद्धावर गेले. खुर्चीतून.

सरांचा मुद्दा साधा होता आणि, खरं सांगायचं तर, बरोबर होता. जवानाचे बूट करातून आले पाहिजेत, वर्गणीतून नाहीत. देश म्हणजे गणेश मंडळ नव्हे. ज्यांना खरंच जवानांच्या पाठीशी उभं राहायचं आहे त्यांनी मुकाट्याने कर भरावा, वर्गणीचा डबा घेऊन चौकात फोटो काढू नये.

यावर 'त्रिशूल' नावाचा कुणीतरी तुटून पडला. तो अमेरिकेत असल्याचं म्हणायचा. त्याचं म्हणणं, कर म्हणजे चोराच्या हातात किल्ली. मी डॉलर थेट जवानांच्या निधीला देतो. तुम्ही काय दिलंत?

"माझा एक दिवसाचा पगार दिला," सरांनी लिहिलं.

"दिलात, की कापला गेला?"

हे सरांना फार लागलं, कारण तो कापला गेला होता. संध्याकाळी कट्ट्यावर त्यांनी हा वार सगळ्यांना सांगितला. हार्डवेअरवाले छगनशेठ म्हणाले, "सर, माझं बघा. मी कर पण भरत नाही, दान पण देत नाही. माझं अमेरिकेत कुणाशी भांडण नाही."

"शेठ, तुमच्यासारख्यांमुळेच ही वेळ आली."

"मग लिहा ना माझ्याबद्दल. निदान नाव तरी होईल."

पण सरांनी लिहिलं सहादेवबद्दल. आधी लिहिलं, माझ्या शेजारचा मुलगा सीमेवर आहे. ज्याला आजवर कंजूष म्हटलं जात होतं त्याला लोक 'सर' म्हणू लागले. आठवड्याने सहादेव 'माझा विद्यार्थी' झाला. तेही खोटं नव्हतं. तो बारावीनंतर सहा महिने कॉलेजात शेवटच्या बाकावर बसला होता. जून लागता लागता तो 'मला मुलासारखा' झाला. पुण्याच्या होस्टेलात चेतनला पत्ताही नव्हता की आपल्याला भाऊ झालाय.

खऱ्या सहादेवचा फोन मात्र बंद झाला होता. वर गेलोय, खाली उतरलो की रविवारी करीन, एवढं एका फोनवर तो घाईघाईने बोलला होता. त्यानंतर राहीबाई प्रत्येक रविवारी बाराला डबे आटपून सरांच्या हॉलमध्ये येऊन बसायच्या. हाक मारायला लागू नये म्हणून. सोफ्यावर नाही, फोनच्या स्टुलाजवळ खाली. रोजच्या पातळात नाही, धुतलेल्या.

त्या रविवारी मुक्ताकाकू राहात्याला बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना "बारा ते तीन" असं दोनदा म्हणून गेल्या.

सर सकाळपासून आतल्या खोलीत होते. 'त्रिशूल'ने आदल्या दिवशी लिहिलं होतं, कौटिल्याचा हा मुलगा फक्त वादात निघतो. मला शंका आहे की तो अस्तित्वातच नाही. असेल तर सांगा, त्याच्याशी शेवटचं कधी बोललात?

आता याला उत्तर द्यायला नको? आणि सगळे वाट बघत होते, सिंगापूरवाले, लंडनवाले. सर दोन बोटांनी टाइप करायचे, त्यामुळे त्यांचा राग कागदावर, म्हणजे पडद्यावर, यायला वेळ लागायचा.

राहीबाई आल्या. हातात वाटी, वर ताटली झाकलेली.

"काकू न्हाईत व्हय? तुमच्यासाठी गवार आनली. कूट घालून केलीय, सुकी. आज त्याला गवार सांगन."

"ठेवा, ठेवा. बसा तुम्ही."

त्या आपल्या जागी बसल्या. फोनवरचं विणलेलं फडकं सरळ केलं. जरा वेळाने दारातून म्हणाल्या, "सर, फोन चालू हाय ना?"

"चालू आहे हो. पाच मिनिटं."

पाच मिनिटं कशाची, हे त्यांनी विचारलं नाही. फोन हॉलमध्ये होता आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. दोन खोल्यांतल्या दोन वस्तू. एकीमुळे दुसरी बंद पडते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हॉलमध्ये फोन जागेवर होता, रिसीव्हर नीट ठेवलेला होता. त्या त्याच्याकडे बघत बसल्या.

"काय लिव्हताय एवढं?"

"सहादेवबद्दलच चाललंय. अमेरिकेतल्या माणसाला सांगतोय आपला सहादेव काय आहे ते."

राहीबाईंचा चेहरा फुलला. "लिवा, लिवा. अमेरिकेत?" मग म्हणाल्या, "त्यास्नी म्हनावं पोरांना गरम कापडं कमी पडत्यात."

"तेच तर लिहितोय! करातून आली पाहिजेत!"

"कशातून बी येऊंद्या."

सर हसले. हे वाक्यही त्यांनी पुढे इंग्रजीत घातलं, एका सैनिकाच्या आईचे उद्गार म्हणून. फार वाखाणलं गेलं. मग त्यांनी शेवटचा परिच्छेद लिहिला. तो मुलगा ज्या फोनवर आईशी बोलतो तो फोन माझ्या घरात आहे. त्याची आई या क्षणी त्या फोनजवळ बसली आहे. तुमचे डॉलर तुम्हालाच लखलाभ.

टाळ्या पडल्या, म्हणजे तसे शब्द पडद्यावर आले. 'त्रिशूल' तेवढ्यापुरता गप्प झाला. पण आपण जिंकलो हे बघायला सरांना अजून थोडं बसावं लागलं. लंडनवाल्याने लिहिलं, त्याचे आभार मानावे लागले. सिंगापूरवाल्याने करावर एक शंका काढली, ती फेडावी लागली. गवारीची वाटी कधी रिकामी झाली त्यांना कळलं नाही.

ते बाहेर आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. राहीबाई भिंतीला टेकून तशाच बसलेल्या.

"आज न्हाई आला," त्या म्हणाल्या.

"येईल हो. तिथे काय कमी काम आहे का? पुढच्या रविवारी नक्की."

"व्हय. वाटी द्या, घासून ठिवते."

पुढच्या रविवारच्या आधीच फोन आला. गुरुवार होता, सकाळची वेळ. मुक्ताकाकूंनी उचलला. पलीकडून हिंदीत कुणीतरी विचारलं, सहादेवच्या घरचे या नंबरवर मिळतील का. काकूंनी पुढचं ऐकलंच नाही. रिसीव्हर स्टुलावर टाकला, मागच्या भिंतीशी धावल्या आणि सवयीने, आनंदाने, ओरडल्या, "राहीबाई, सहादेऽव!"

परत येऊन "बोलवलंय, बोलवलंय" असं म्हणाल्या, तेव्हा तो माणूस फार अदबीने म्हणाला की घरात कुणी पुरुष माणूस असेल तर त्यांना फोन द्या.

सरांनी घेतला. सर नुसतं "जी" म्हणत राहिले. तोवर राहीबाई दारात आल्या होत्या, धापा टाकत, कोपरापर्यंत पीठ. हात पुढे केलेला. "द्या, द्या सर, कट हुईल."

सरांनी रिसीव्हर दिला नाही. छातीशी धरून ठेवला. त्यांच्या हातातून तो काढून घ्यायला राहीबाईंनी जोर केला, आणि नंतर कितीतरी दिवस सरांच्या त्या शर्टावर पांढरी बोटं होती. काकूंनी तो धुवायला टाकला नाही.

नगरने सहादेवला निरोप दिला तो मोठा होता. दुकानं बंद, कमानी, फुलं. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं ते त्याच्याबद्दल बोलले आणि ज्यांनी पाहिलं होतं ते गप्प राहिले. छगनशेठने आयुष्यात पहिल्यांदा पावती न मागता निधीत पाकीट टाकलं आणि कुणाला सांगितलं नाही. फलकावर ही बातमी चेतनने पुण्याहून बापाच्या टोपणनावाने घातली. 'त्रिशूल'ने चार ओळी लिहिल्या, कौटिल्य, तुमच्या मुलाला माझा सलाम. सरांनी त्या वाचल्या नाहीत. कॉम्प्युटरवर चादर टाकली होती.

सहादेवबरोबर त्याच्या तुकडीतला रंभाजी आला होता, पारनेर तालुक्यातला. चार दिवसांनी तो राहीबाईंच्या घरी भेटायला बसला. सर आणि मुक्ताकाकूही होत्या. दोन खोल्यांचं घर. डब्यांचा ढीग कोपऱ्यात पालथा घातलेला. रंभाजीला काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून तो चांगलं काही आठवू लागला.

"मावशी, त्यानं तुमाला फोन लावला हुता. रविवारी. आमी खाली आल्तो तवा. एकच फोन, मोठी रांग. त्याचा नंबर आला, लावला तर बिझी. परत रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. परत बिझी. मी म्हनलं, दे सोडून. तर हसला. म्हनला, सरांचं घर हाय, मानसांचा लई राबता. चांगलं मानूस हाय, बोलू दे." रंभाजीने चहाचा कप खाली ठेवला. "मग गाडी निघाली वर."

मुक्ताकाकूंनी पदर तोंडाला लावला. सरांकडे त्यांनी बघितलं नाही.

"बिजी म्हंजे?" राहीबाई म्हणाल्या.

"म्हंजे तिकडून कुनीतरी बोलत असतं, मावशी."

"मी तर फोनजवळच हुते." राहीबाई विचार करत म्हणाल्या. "कुनी न्हवतं बोलत. उचललाच न्हाई कुनी." मग त्या सरांकडे वळल्या. रागाने नाही. खरंच विचारायला. "कोन बोलत हुतं, सर?"

"मी," सर म्हणाले. "त्या कॉम्प्युटरवर. तो चालू असला की फोन लागत नाही."

राहीबाईंनी हे डोक्यात बसवायला वेळ घेतला. दोन खोल्या, दोन वस्तू.

"कुनाशी बोलत हुता?"

त्या माणसाचं नाव सरांना माहीत नव्हतं. बाई की पुरुष, अमेरिकेत की नगरच्याच दुसऱ्या कुठल्या कॉलनीत, काही माहीत नव्हतं.

"ओळखीचं न्हवतं का कोनी?"

"नाही."

राहीबाई रंभाजीजवळ सरकल्या, हळू आवाजात, जणू सर तिथे नव्हतेच.

"त्याला काय सांगायचं हुतं का रं मला? तुला बोलला?"

"न्हाई मावशी. खास असं काय न्हवतं." रंभाजीने मान खाली घातली. "रांगेत म्हनत हुता, आज आईनं डब्यात काय केलं ते इचारतो. दर येळंला तेच."

"गवार," राहीबाई म्हणाल्या. "गवार केली हुती. कूट घालून."